गादीवाल्या काकूंची हाडं

सगळा जन्म मऊ वस्तूंत काढलेल्या बाईचं हाड मोडावं, हे कुणाला खरंच वाटेना. काकूंचं गाद्यांचं दुकान होतं. कापूस, काथ्या, फोम, स्प्रिंग, मागाल ते. गिऱ्हाईक आलं की काकू चपला काढून स्वतः गादीवर आडव्या व्हायच्या, कूस बदलून दाखवायच्या आणि छताकडे बघत बघत भाव सांगायच्या. पडल्या पडल्या त्या जेवढा धंदा करत, तेवढा शेजारच्या दुकानदारांना दिवसभर उभं राहून जमत नसे.

एकदा ढिगातली सगळ्यात वरची गादी काढायला त्या स्टुलावर चढल्या आणि स्टूल कलंडलं. दुकानभर गाद्याच गाद्या, पण काकू पडल्या त्या नेमक्या गल्ल्याजवळच्या वीतभर मोकळ्या फरशीवर. मनगट मोडलं.

"एवढ्या गाद्या सोडून तुला फरशीच सापडली?" काका म्हणाले. काका म्हणजे काकूंचे यजमान. ते आतल्या खोलीत मशीनवर गाद्यांच्या खोळी शिवायचे आणि उरलेल्या वेळात काळजी करायचे.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी करून घेतली. मुलगी वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट.

"काकू, एवढ्याशा पडण्याने मनगट मोडायला नको होतं. तुमची हाडं ठिसूळ झालीत. उंचीही कमी झालीय."

काकूंनी काकांची नजर चुकवली. गेली दोन वर्षं त्या काकांवर आळ घेत होत्या की यांनी दुकानातली फळी मुद्दाम वर ठोकली.

डॉक्टरीणबाईंनी मग एकेक औषध समजावलं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास ना चहा, ना खाणं, ना आडवं होणं, नाहीतर अन्ननलिकेला इजा व्हायची. दुसरं, वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध. त्याने पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. तिसरं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. ते उत्तम, पण मनाने बंद केलं तर मणके मोडायची भीती.

सलाईन म्हणजे सुई आणि इंजेक्शन म्हणजे तर सुईच. काकूंचा निर्णय तिथेच झाला.

"गोळी द्या."

"पित्ताचा त्रास? छातीत जळजळ?"

काकांनी तोंड उघडलं. टेबलाखाली काकूंची चप्पल त्यांच्या पायावर पडली आणि ते मिटलं. गल्ल्यात सुट्या पैशांशेजारी पित्ताच्या गोळ्यांचा डबा असतो आणि काकू त्या शेंगदाण्यासारख्या चघळतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"छे," काकू म्हणाल्या. "माझं पोट अगदी निर्मळ."

काकूंच्या नणंदेला हे कळलं तेव्हा तिला कोण आनंद झाला. ती वरच्याच मजल्यावर राहायची आणि तीच गोळी घ्यायची. गोळीच्या दिवशी ती खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसे, चेहऱ्यावर असा भाव की आत्ता कुणीतरी फोटो काढणार आहे.

"वहिनी, गोळीच बरी. पण शिस्त लागते हो. तुम्हाला जमेल का?"

"न जमायला काय झालं, वन्सं?"

"आणि मी म्हणते, सुईला काय घाबरायचं? फूटभर दाभणाने तुम्ही गाद्या टाचता."

"गादी ओरडत नाही," काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी काकांनी चष्मा लावून औषधाच्या खोक्यातला कागद उलगडला. तो उलगडता उलगडता टेबलक्लॉथएवढा झाला. "पोटदुखी. सांधेदुखी. फार क्वचित, जबड्याच्या हाडाला इजा. फार क्वचित, मांडीचं हाड मोडणे." वाचता वाचता ते स्वतःची मांडी चोळू लागले.

"औषध कोण घेणार आहे?" काकूंनी विचारलं.

"तूच. पण मला इथे ठणकायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन एकटेच दवाखान्यात जाऊन धडकले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना शांतपणे बसवलं. "काका, न घेण्याचेही दुष्परिणाम असतात. ते कुठे छापलेले नसतात, एवढंच. उद्या खुब्याचं हाड मोडलं तर काकूंना उठवून बसवायला माणूस लागेल." काका घरी आले आणि कागदाची घडी घालू लागले. ती काही पहिल्यासारखी जमेना, म्हणून शेवटी तो त्यांनी तसाच उशीखाली सारला.

पहिल्या गोळीचा दिवस उजाडला. पाणी प्यायलं, गोळी गेली. चहाविना काकूंचा जीव कासावीस झाला, पण नणंदेचे शब्द कानात होते. तेवढ्यात घरालाच जोडलेल्या दुकानाचं दार वाजलं. एक नवं जोडपं सकाळीच गादी बघायला हजर. काकूंनी ताठ उभं राहून पाच मिनिटं माहिती दिली. जोडप्याला काही पटेना.

"दबते का जास्त?" नवऱ्यामुलाने विचारलं.

अर्धी हयात ज्या प्रश्नाला आडवं होऊन उत्तर दिलं, त्याला उभ्याने काय सांगणार? काकू सवयीने लवंडल्या. गादी विकली गेली. दुपारपर्यंत छातीत असा वणवा पेटला की पित्ताच्या गोळ्यांचा डबा रिकामा झाला आणि काकांनी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"खरं सांगा काकू, पित्ताचा त्रास आधीपासून आहे ना?"

"थोडासा."

"किती वर्षांचा?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "आमच्या लग्नाआधीचा आहे."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलंत हो. पण 'हो' म्हटलं असतं तर तुम्ही सुई काढली असती."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. गोळी बंद झाली. सहा महिन्यांच्या इंजेक्शनाला काकूंनीच नको म्हटलं. "वेळ पाळायचा माझा काही भरवसा नाही. वीजबिलसुद्धा हे भरतात." उरलं सलाईन. पण त्याआधी मूत्रपिंडं बरी आहेत ना, हे बघायला रक्त तपासायचं होतं, आणि दातही दाखवायचे होते. कारण औषधानंतर दात उपटायची वेळ आली तर जबड्याचं दुखणं मागे लागू शकतं.

दात म्हटल्यावर मात्र काकूंच्या पाचावर धारण बसली. डावीकडची एक दाढ कैक वर्षं हलत होती आणि काकू तिची समजूत काढत उजव्या बाजूने जेवत होत्या. दाताच्या डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि म्हणाले, "ही काढायची." एक सुई टाळायला गेलेल्या बाईच्या नशिबी आता तीन सुया आल्या: रक्तासाठी हाताला, दाढेसाठी हिरडीला आणि मग सलाईनची. काका म्हणाले, "आधीच खरं बोलली असतीस तरी तीनच होत्या." दाढ काढली त्या रात्री काकाही सपक खिचडीच जेवले, खरं तर पथ्य फक्त काकूंना होतं.

हिरडी भरून आल्यावर सलाईनचा दिवस आला. काकूंनी डोळे गच्च मिटले. नर्सबाईंनी हात चोळता चोळता विचारलं, "दुकान कशाचं तुमचं?"

"गाद्यांचं."

"माझी पाठ फार धरते हो सकाळी."

काकूंनी एक डोळा उघडला. "कुशीवर झोपता की उताणं? घरातली गादी किती जुनी?" मग काथ्यावर फोमचा थर कसा हवा, नुसता फोम का घेऊ नये, हे त्यांनी तो डोळा पुन्हा मिटून समजावलं. मोजमाप विचारलं, घरपोच देऊ म्हणाल्या. शेवटी सुस्कारा सोडून म्हणाल्या, "चला, टोचा आता एकदाचं."

"टोचून कधीच झालं. निम्मी बाटली संपली."

त्या रात्री ताप भरला. हाडन् हाड बोलू लागलं. ताप येईल असं आधीच सांगितलेलं असूनही काकांनी थर्मामीटर एवढ्या वेळा लावला की काकूंनी तो आपल्या उशीखाली दडवला. तापाची गोळी, भरपूर पाणी, आणि तिसऱ्या दिवशी काकू उठून दुकानात. काका मात्र जागरणाने आणखी दोन दिवस अंथरुणात होते.

पंधरवड्याने नणंद दुकानात आली. गिऱ्हाईक नाही असं बघून आली आणि उगाच एका उशीचा अभ्रा चाचपत राहिली.

"वहिनी, त्या सलाईनची सुई फार दुखते का हो?"

"का बरं?"

"गोळीने जळजळतं. वर्षभर होतंय. कुणाला बोलले नाही."

काकूंच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. शिस्तीचा तो शब्द तर अगदी टोकावर होता. पण खिडकीजवळ ताठ बसून गुपचूप आवंढे गिळणारी नणंद त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्या उठून चपला शोधू लागल्या.

"चला, आत्ताच डॉक्टरीणबाईंना विचारून येऊ. आणि वन्सं, पित्ताचं विचारलं तर खरं सांगायचं."

"तुम्ही सांगितलं होतं?"

"मी दुसऱ्यांदा सांगितलं," काकू म्हणाल्या आणि दुकान काकांवर सोपवून नणंदेचा हात धरून पायऱ्या उतरल्या.