लागलेली तार

मुलीचा तानपुरा लावताना खुंटी घसरू नये म्हणून काल खडू चोळला, आणि त्या कोरड्या वासाने मला थेट विद्यापीठाच्या संगीत विभागात नेऊन बसवलं.

विद्यार्थ्यांच्या मैफलीत मला पंधरा मिनिटं मिळाली होती. मला पुढे शिकू द्यायचं की ब्राह्मणपुरीला केळीच्या मळ्यात परत न्यायचं, हे माझं गाणं ऐकून ठरवायला माझे वडील, आबा, आले होते. पहिल्याच रांगेत बसले. मी तानपुरा लावू लागलो. तार लागली असं वाटे, की मी पुन्हा खुंटी पिळे. घामाने बोटांवरच्या खडूचा चिखल झाला. शेवटी सरांनी वेळ संपल्याची खूण केली. माझ्या तोंडून साधा 'सा' निघाला नव्हता.

बाहेर आबा म्हणाले, "चांगलं वाजाडं तू. शिक आखो एक वरीस."

"आबा, मन्हं गाणं व्हयनंच नही."

"ऱ्हाऊ दे. इतलं बी गैरं व्हयनं." त्यांच्या लेखी एवढंही पुष्कळ झालं होतं.

तेव्हा मी खुंटीला शिव्या घातल्या. तार मात्र केव्हाच लागली होती. मीच गायला घाबरत होतो. पुढे बरा गाऊ लागलो, पण आबांना पुन्हा बोलावायचं धाडस झालं नाही. ते शेवटपर्यंत गावभर सांगत, "मन्हा पोऱ्या तानपुरा वाजाडस." आणि मी शेजारी बसून, आतल्या आत चरफडत, मान डोलवत असे.