मामांनी दुरुस्त केलेलं मशीन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, मुलींना नाही. प्रसंग आले नाहीत असं नाही, पण दर वेळी मी विषय बदलला. तुम्ही ना माझ्या नात्यातले ना गावातले, म्हणून कदाचित सांगता येईल.

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली होते, आणि त्याचा थोडा तोराही होता. यजमान वैरागला शाळेत शिकवायचे, शनिवारी यायचे. एरवी घरात आम्ही तिघंच: मी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामा गिरणीत फिटर. शाळा चौथीपर्यंत; पण गल्लीतला बिघडलेला स्टोव्ह, पंखा, शिवणयंत्र, सगळं आधी त्यांच्यापुढं यायचं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. गिरणीच्या साहेबांच्या बंगल्यामागं कित्येक वर्षं पडून असलेलं कपडे धुण्याचं विलायती मशीन त्यांनी साहेबांकडून मागून घेतलं. हातगाडीवरून ते आलं तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. गंजानं पोपडे आलेला गोल टब, वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ. सासूबाई म्हणाल्या, "ह्यात काय लग्नाचा भात शिजवायचा की काय?" मामा नुसते हसले. सासूबाईंची मनगटं तेव्हा कायम सुजलेली असायची, आणि आमच्या जाड सोलापुरी चादरी ओल्या झाल्या की उचलवत नसत. मशीन त्यांच्यासाठीच होतं — हे मामांनी फक्त मला सांगितलं.

महिनाभर आम्ही दोघं त्या मशीनपुढं बसत होतो. काय दिवस होते ते! मामा एकेक नट सोडवून परातीत मांडायचे, मी वायरींची आकृती वहीत काढायची. मोटर नुसती घूं करायची, फिरायची नाही. मामांनी मला विचारलं, "सूनबाई, तुजं पुस्तक काय म्हंतंय?" मी म्हटलं, सुरुवातीचा धक्का मिळत नाही, कंडेन्सर गेला असेल. त्यांनी तो बदलला आणि मोटर फिरली! त्या दिवशी दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ते सांगत होते, "आमच्या सूनबाईनं शोधलं." माझ्या वडिलांनीसुद्धा माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं.

आता राहिली होती फक्त टबाच्या बुडाची गळती. मामांनी ट्यूबच्या रबराचं वायसर कापून बुडातून मोटरीकडं जाणाऱ्या दांड्याभोवती चिकटवलं. म्हणाले, "उद्या दुपारपतूर थेंबभर पाणी घालायचं न्हाय. वाळू दे. आन् पैलं बटण तूच दाबायचं, काय?"

मग मी काय केलं?

त्याच दिवशी मामा बाजारात गेले होते, सासूबाई देवळात. मी वायसरला बोट लावून पाहिलं, कोरडं वाटलं. बी.एस्सी. झालेल्या बाईला एवढंही कळू नये? — असं मनात आलं. पण खरं सांगू? मला ते एकटीनं चालवायचं होतं. एकदा तरी ते फक्त माझं असावं, असं वाटत होतं. मी चार बादल्या पाणी ओतलं आणि बटण दाबलं.

मशीन चाललं. पाणी घुसळायला लागलं, आणि मी एकटीच हसले. मग जळका वास आला. खाली वाकून पाहिलं तर बुडातून पाणी थेट मोटरीवर ठिबकत होतं. बटण बंद केलं, टब उपसला, फरशी पुसली. फडकी उन्हात वाळवली आणि घडी घालून जागच्या जागी ठेवली. वाळेल उद्यापर्यंत, असं स्वतःला सांगितलं. पण तो वास मला कळत नव्हता का?

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारपाजारच्या बायका जमल्या. मामांनी नारळ फोडला. पाणी भरलं. "दाब, सूनबाई."

मी दाबलं. ठिणगी उडाली, फ्यूज गेला, आणि धूर निघाला.

जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणारा कारागीर घरी आला. त्यानं खोलून पाहिलं. "पाणी गेलंय आत, मामा. वायसर बसलं न्हाय तुमचं." मामा बराच वेळ स्वतःच्या बोटांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. हात चुकला माजा."

मी तिथंच उभी होते, दोन हातांच्या अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही.

मोटर भरून आली. मामांनी ती जोडली नाही. पोत्यात गुंडाळून खाटेखाली सारली. हत्यारांची पेटी केम गावच्या पुतण्याला देऊन टाकली. कुणी पंखा घेऊन आलं की म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला दाखवा. माजा हात धरत न्हाय आता." मग ओट्यावर बसून राहायचे. सासूबाई चादरी हातानंच धूत राहिल्या. पिळताना दुसरं टोक माझ्या हातात असायचं. त्यांचं तोंड वेदनेनं वाकडं व्हायचं, ते मी समोरून पाहायची.

चारेक वर्षांनी घरातला रेडिओ बंद पडला. मामांनी त्याला हातही लावला नाही. उचलून माझ्यापुढं ठेवला. मी उघडला, एक तार निखळली होती, ती डाख देऊन जोडली. रेडिओ बोलायला लागला.

तेव्हापासून शेवटपर्यंत, घरी कुणी पाहुणा आला की मामा त्याला सांगायचे, "माजा हात गेला, पर सूनबाईचा हात लई चांगलाय. तिच्या हातनं कदी काय बिगडलं न्हाय." आणि मी खाली मान घालून चहा पुढं करायची. लोकांना तो विनय वाटायचा.