तळहाताने निवडलेली गिटार

ऑफिसातल्या हौशी बँडमधला बेस गिटार वाजवणारा पुण्याला परत गेला आणि त्याच्या जागी मी उभी राहिले. वय त्रेचाळीस. चार जाड तारा आणि खोल, घुमणारा आवाज. काही महिन्यांत मला त्याचं वेडच लागलं. पण घरी सराव करायची पंचाईत होती. विजेवरची गिटार ॲम्प्लिफायरशिवाय मुकी, आणि तो लावला की सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटची फरशी थरथरायची. खालच्या मजल्यावरच्या कानडी बाई दोनदा वर आल्या. "अक्का, स्वल्प हळू," एवढंच म्हणाल्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ठरवलं, पोकळ लाकडी पोटाची, विजेशिवाय वाजणारी अकूस्टिक बेस घ्यायची.

शनिवारी सकाळी बसवनगुडीतल्या एका जुन्या दुकानात जायला निघाले, तर अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मीही येतो. तेवढाच डोसा होईल."

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. इथल्याच एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. मशीनच्या आवाजाने कान अर्धे गेलेले. संगीताशी संबंध म्हणाल तर आरतीपुरता.

दुकानदार साठीचे, मितभाषी. त्यांनी तीन गिटारी काढून समोर ठेवल्या. पहिलीवरच माझा जीव जडला. काळी, चकचकीत, कडेला शिंपल्याची नक्षी. मी स्टुलावर बसून वीसेक मिनिटं तीच वाजवत होते. दुसरीचं पोट इतकं मोठं, की उजवा हात पलीकडे पोचेना. "खांदा दुखेल," दुकानदार म्हणाले, "मग ती घरी नुसती कोपऱ्यात उभी राहील." तिसरी साधी तपकिरी होती. तिच्याकडे मी नीट पाहिलंही नव्हतं.

मी काळी घेतेय असं म्हणणार, एवढ्यात अण्णा उठले. त्यांनी गिटारीच्या मानेचं टोक हलकेच तळहातात धरलं आणि डोळे मिटले.

"अण्णा, काय करताय?"

"वाजव. बारीक तारेवर, एकेक पट्टी. सावकाश."

मी मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर बोट सरकवत एकेक सूर वाजवू लागले. पाचव्या पट्टीवर त्यांची भुवई हलली.

"थांब. परत तोच. इथे मान थरथरतेय. तारेचा जोर सगळा मानेत चाललाय. हा सूर टिकायचा नाही."

मी तो सूर वाजवून हात सोडला. एकदा घुमल्यासारखा झाला आणि विझला. शेजारच्या पट्टीवरचा मात्र कितीतरी वेळ रेंगाळला. धड कान असून वीस मिनिटांत मला हे कळलं नव्हतं.

दुकानदार पुढे झुकून बघत होते. ते अण्णांशी कानडीत म्हणाले, "सर, असा मेलेला सूर मी कानाने ओळखतो. हाताने ओळखणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला."

"थोडं सगळ्याच गिटारींत असणार," अण्णा म्हणाले. "दुसरी द्या."

तिन्ही गिटारी त्यांनी तशाच तपासल्या. तपकिरीला सगळ्यांत जास्त वेळ लागला. "ही मान गप्प आहे. ही घे."

मी घेतली. नाही म्हणायची माझी टाप नव्हती. प्रगतिपुस्तकावर सही करणारा, फणस सोलणारा तो हात मी जन्मभर पाहत आले होते. त्याला काय काय कळतं, याचा मला पत्ताच नव्हता.

डोसा खाऊन टॅक्सीत बसलो. गिटार आम्हा दोघांच्या मध्ये उभी. मी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"कारखान्यात. मोजायची यंत्रं नंतर आली गं. आधी बेअरिंगवर हात ठेवूनच बघायचं. आमचे साहेब म्हणायचे, दाबू नकोस, नुसता ठेव. बिघडणारं मशीन आठवडाभर आधी सांगतं."

"तुम्ही घरी कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय? काम होतं ते."

पण मग बोलले. ट्रॅफिक अडकलेलं होतं आणि मला ते सुटायला नको होतं. एका लेथच्या आत तडा गेलाय हे त्यांना बोटांनी कळलं होतं. कुणी विश्वास ठेवेना, म्हणून ते आख्खी पाळी त्या मशीनपाशी उभे राहिले, आणि संध्याकाळी ते उघडल्यावर तडा सापडला. आई तेव्हा बाळंतपणाला बेळगावला गेली होती. म्हणजे मी व्हायची होते.

घरी आल्यावर मी खोलीचं दार लावून सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली. आवाज मोठा नव्हता. पण लाकूड छातीला टेकलेलं होतं, आणि तो सूर कानाआधी बरगड्यांत शिरला, तिथून पाठीत गेला. मी श्वास रोखून बसले. संपला असं वाटलं, तरी लाकडात काहीतरी चालूच होतं. ते पुरतं थांबेपर्यंत मला दुसरी तार छेडवली नाही.