चौकटीबाहेरचा हात

लबीबकाका गेल्याचा चाळिसावा दिवस शुक्रवारी, आणि चर्चमध्ये वाटायच्या पत्रकात लावायला त्यांचा फोटो नाही! छत्तीस वर्षं मिन्या गावच्या आमच्या छापखान्यात ह्या माणसाने गावातल्या मेलेल्यांचे चेहरे पानावर बसवले, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा जागा रिकामी. मला रडू येण्याआधी राग आला.

अलेक्झांड्रियाहून आलेल्या भाच्याने घर उघडलं. फोटो पुष्कळ, पण सगळे त्यांच्या बायकोचे, विदादकाकूंचे. काढणारे हेच ना! ओळखपत्रावरचा फोटो नखाएवढा. तो मोठा केला तर चेहऱ्याच्या जागी नुसते तीळ सांडल्यासारखे ठिपके.

मालक उस्ताद नसीफ म्हणाले, फोटोच्या जागी क्रूस टाक आणि मोकळी हो. मी म्हटलं, ते काही माझ्या हातून होणार नाही.

फोटो बसवायला काकांनीच मला शिकवलं. सुरुवातीला मी एका हेडमास्तरांचा फोटो जागा भरावी म्हणून आडवा ताणला. भोपळ्यासारखं तोंड झालं, आणि त्यांच्या मुलीने पत्रक परत आणून दिलं, हे आमचे बाबा नव्हेत म्हणून. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "इन्साफ, फोटोला फक्त रुंदी सांगायची. उंची त्याची तो शोधतो. दोन्हीकडून ओढलं की माणूस माणूस राहत नाही."

दुसरा नियम गावचाच. पत्रकात गेलेलं माणूस एकटं हवं. लग्नातला फोटो आला तर शेजारची नवरी कापायची, खांद्यावरचा हात कापायचा. जिवंत माणसाचं बोटही मेलेल्याच्या चौकटीत राहिलं तर म्हाताऱ्या अपशकुन म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी विदादकाकू गेल्या तेव्हा काकांनी त्यांचं पान कुणाला लावू दिलं नाही. रास अल-बर्रच्या समुद्रावरचा फोटो होता, दोघं शेजारी, ह्यांचा हात तिच्या खांद्यावर. हात ठेवावा तर चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा होई. चेहरा मोठा करावा तर हात बाहेर जाई. सकाळपासून दुपारपर्यंत तो फोटो लहानमोठा होत राहिला. न राहवून मी म्हटलं, "राहू द्या हो हात."

"नियम आहे," ते म्हणाले. "पानावर ती एकटी, घरात मी एकटा. फिट्टंफाट."

त्यानंतर ते रोज तामियाचे, म्हणजे वालाच्या वड्यांचे, दोन पाव आणत आणि एक माझ्यापुढे सरकवत. दुकानात एकच मागायची लाज वाटते, म्हणाले. काम संपलं तरी घरी जायला उठत नसत. मी मेली फटकळ, एकदा म्हटलं, घर काय खातंय का तुम्हाला? ते नुसते हसले.

समुद्रावरचा मूळ फोटो घरात मिळाला नव्हता, आणि पानावरचा काकांनी कापलाच असणार असं मी धरून चालले होते. गुरुवारी सकाळी दुसरं काही सुचेना, म्हणून संगणकावर विदादकाकूंचं जुनं पान उघडलं. चौकटीची कड धरून सहज ओढली. आधी खांद्यावर बोटं आली. मग बाही. मग उन्हात डोळे बारीक करून हसणारे लबीबकाका, आख्खेच्या आख्खे. त्यांनी फोटो कापलाच नव्हता! नुसतं चौकटीआड स्वतःला लपवून ठेवलं होतं, तीन वर्षं, तिच्या शेजारी.

मी चौकट पानभर रुंद केली, प्रार्थना मागच्या बाजूला ढकलली. मालकांनी मागून पाहिलं.

"दोघं? पत्रकात गेलेलं माणूस एकटं असतं, इन्साफ."

"आता दोघंही गेलेत, उस्ताद," मी म्हटलं. "बाहेर कुणाला ठेवू, सांगा."

त्यांनी यंत्रावर कागद लावायला घेतला. फोटोला मी फक्त रुंदी सांगितली. उंची त्याची त्याने शोधली.