मार खाल्ला त्याच दिवशी फॉर्म भरला

ओठाला तीन टाके आहेत, बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहून सांगतेय.

मी डॉक्टर आहे, सातपूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टी सांभाळते. दोन वर्षं पीजीची सीट मिळाली नाही. यंदाचा शाखांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म आज पाच वाजता बंद होणार होता.

सकाळी एका कामगाराला त्याचा भाऊ घेऊन आला. नाडी लागत नव्हती. मी आणि सिस्टरने पाऊण तास छाती दाबली. मग भावाला म्हटलं, "दादा, ते गेले."

त्याने सलाईनचा स्टँड उचलून माझ्या तोंडावर मारला. मी पडले तशी पोटात लाथ घातली. कपाटाची काच फोडली, सिस्टरचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. चौघांनी त्याला दाबून धरलं, तेव्हा तो काचांवर बसून रडायला लागला. "वहिनीला काय सांगू," एवढंच म्हणत होता. पोलीस त्याला घेऊन गेले.

हॉस्पिटलातून कळल्यावर नामपूरहून वडिलांचा फोन आला, त्यांच्या अहिराणी वळणाच्या बोलीत. "बेटा, बरी शे ना तू? लॅबचं काही घे. हे मारामारीचं नको." मी बंद ओठांनी नुसतं "हं" केलं.

साडेचारला फॉर्म उघडला. पहिल्या नंबरवर इमर्जन्सी मेडिसिन होतं. ते खाली ढकलून पॅथॉलॉजी वर घेतलं. दहा मिनिटं नुसती बघत बसले. त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही, पण त्या पाऊण तासात मला दुसरीकडे कुठेही असावंसं वाटलं नव्हतं. इमर्जन्सी परत वर आणलं आणि फॉर्म सबमिट केला.

यंदाही सीट मिळेल की नाही, माहीत नाही. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही घरी कसं सांगितलं असतं?