दोमितिलाच्या दोनशे चौदा जपमाळा

दोमितिला क्वाउत्लेच्या स्वयंपाकघरात घड्याळ आहे, पण ते गेली सहा वर्षं सव्वाचारच दाखवतंय आणि तिचं त्यावाचून काही अडत नाही. अंडं उकडायला बारा वेळा क्रेदोची प्रार्थना. मक्याच्या पानांत गुंडाळलेले तामाले वाफवायला चार जपमाळा, आत डुकराचं मांस असेल तर पाच. तिच्या आईनं, आजीनं, प्वेब्लाकडच्या त्यांच्या गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी असंच मोजलं. हात कामात, ओठ जपात. प्रार्थनेला प्रार्थना आणि घड्याळाला घड्याळ. फादर एकदा म्हणाले, की बाई, पवित्र मातेला स्वयंपाकाला जुंपू नये. त्यावर दोमितिला म्हणाली, "तिनं काय नाझरेथात भाकऱ्या भाजल्या नाहीत का? तिला कळतं." फादरनी त्या दिवशी सहा तामाले नेले आणि विषय संपला.

कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात, फ्रेस्नोच्या खाली, द्राक्षं वाळवून बेदाणे करणाऱ्या एका गावात ती एकोणीस वर्षं राहते. मुलगा तेयो बावीस वर्षांचा, बेदाण्याच्या कारखान्यात कामाला. ती कपडे धुण्याच्या दुकानाबाहेर गाडीवर तामाले विकते. चार वर्षांपूर्वी त्याच गाडीपाशी एक जण लोखंडी गज घेऊन आला. दिवसाची कमाई तर नेलीच, वर तिचा डावा हात मोडला. पण दोमितिलाचा उजवा हात मोकळा होता आणि शेगडीवर चॉकलेट घातलेल्या मक्याच्या पेजेचं पातेलं उकळत होतं. ते तिनं त्याच्या मानेवर ओतलं. दोन दिवसांनी पोलिसांनी पाच माणसं उभी करून विचारलं, यातला कोण? तर ती म्हणाली, "तो भाजलेला." कोर्टातही तिनं बोट दाखवून सांगितलं. गजवाला आत गेला. पातेलं पुरावा म्हणून जमा झालं, ते अजून आलेलं नाही.

अशा माणसांसाठी, म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा घडला आणि ज्यांनी पोलिसांना मदत केली त्यांच्यासाठी, इथं राहायच्या परवान्याचा एक अर्ज असतो. दोमितिलाकडे कागद नव्हते, म्हणून तिनं तो भरला. भरला म्हणणं सोपं आहे. पोलिसांचा दाखला लागतो, आणि त्यावरची सही सहा महिन्यांत शिळी होते, दुधासारखी. पहिली सही मिळवली, गठ्ठा पाठवला, तर अख्खा गठ्ठा परत आला. का? मधल्या नावाचा चौकोन रिकामा होता. दोमितिलाला मधलं नाव नाही. आईबापांनी ठेवलंच नाही, त्याला ती काय करणार? ‘नाही’ असं लिहायला हवं होतं म्हणे. तोवर सही शिळी झाली. पुन्हा चौकी, पुन्हा बाकडं.

या सगळ्याची नोंद तिच्या वहीत आहे. खाटकाच्या दुकानातून फुकट मिळालेली, वर ग्वादालुपेच्या मातेचं चित्र असलेली वही. "चौकी, सहा जपमाळा, सही नाही." "चौकी, नऊ, साहेब मासे पकडायला गेलेत." "तेयोनं पत्ते लिहिले, अकरा." "प्रश्न: तुम्ही कधी वंशसंहार केला आहे का? एक जपमाळ. हसण्यात गेली." रोज झोपण्याआधी ती वहीत देवाला दिवस सांगते. कुणाला दाखवायला नाही.

पण गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर वकीलबाई ओफेलिया झुनिगा चर्चच्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या. फुकट सल्ला देणाऱ्या केंद्राच्या त्या वकील, आणि आवाज असा की मागच्या रांगेतली पोरं जागी होतात.

"बायांनो, ऐका. दर काही वर्षांनी सरकारला लोकांना विचारावं लागतं, की आमच्या या अर्जाला किती वेळ लागतो, आमचा अंदाज बरोबर आहे का. यंदा ते विचारतायत. येत्या शुक्रवारपर्यंत कुणीही मत पाठवू शकतं."

"अंदाज म्हणजे तो अर्जावर छापलेला?" पेत्रा ओरडली. पेत्रा म्हणजे दोमितिलाची कोमाद्रे. तिच्या धाकट्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी दोमितिलानं हातात धरलेलं.

"तोच. पाच तास."

हॉलमध्ये जे हसू फुटलं त्यानं येशूच्या पायाजवळची मेणबत्ती विझली. दोमितिला मात्र हसली नाही. ती पेत्राकडे बघत होती. पेत्रा हसतही होती आणि डोळेही पुसत होती. शेतावरच्या मुकादमानं पेत्राला मारलं होतं, त्याचा अर्ज ती वर्षभर भरत होती.

"मला वाटायचं मीच मठ्ठ आहे," पेत्रा म्हणाली. "वर छापलेलंच असतं ना, पाच तास. शहाण्या माणसाला पाच लागत असतील, मला एक वर्ष."

वकीलबाई म्हणाल्या, "माझ्यासारख्या वकिलांची पत्रं तिकडे ढिगानं जातात. अर्ज भरलेल्या माणसाचं एकही नाही. कुणाकडे काही लिहून ठेवलेलं आहे का?"

दोमितिलानं पिशवीतली वही घट्ट धरली. मग हात वर केला. हात वर करायची तिची जुनी खोड आहे. कोर्टातही तो असाच वर गेला होता.

घरी तेयोनं ऐकलं आणि चमचा खाली ठेवला.

"नाव घालायचं नाही."

"वकीलबाई म्हणाल्या, नावाशिवायही चालतं. पण नावाचं वजन वेगळं."

"वजन? आई, ते मत सगळ्या जगाला दिसतं. आणि तुझा अर्ज अजून त्यांच्याच ढिगात पडलाय. उद्या कुणी बाबू म्हणाला, ही कोण टिकोजी आमच्या चुका काढणारी? काढ हिचा कागद, टाक तळाशी. झालं ना! चार वर्षं पाण्यात."

"मी चुका कुठं काढतेय? वेळ सांगतेय."

"तेच."

मुलाचं चूक नव्हतं. तिच्या अर्जावर त्याचाही परवाना टांगलेला होता. एका नावावर दोघांचं घर. तिनं त्याला आणखी बीन्स वाढले आणि मनात संत ज्यूडला सांगितलं, की अशक्य कामांचा देवदूत म्हणवतोस ना, मग जरा कामाला लाग, आळशी झालास. संत देवदूत नसतो हे तिला ठाऊक आहे. पण रागात असली की ती सगळ्यांना एकाच पंगतीत बसवते.

मंगळवारी ती पेत्राला घेऊन केंद्रात गेली. वकीलबाईंनी वही पालथी घातली, बेरीज केली आणि चष्मा काढला.

"दोनशे चौदा जपमाळा."

"हो. पोलिसांच्या, टपालाच्या, दोन्ही वेळच्या धरून."

"पण दोमितिलाबाई, सरकारला मिनिटं लागतात. एक जपमाळ म्हणजे किती?"

हे मात्र दोमितिलाला कधी कुणी विचारलं नव्हतं. एक जपमाळ म्हणजे एक जपमाळ. लिटरची किती लिटरं, असं विचारल्यासारखं.

"मोजूया," पेत्रा म्हणाली.

म्हणून संध्याकाळच्या प्रार्थनेला अकरा बायका हॉलमध्ये जमल्या आणि वकीलबाईंनी फोनवर वेळ लावला. आता असं बघा, की माणसाला फोटो काढतोय कळलं की तो पोट आत ओढतो. त्या अकरा जणींनी तसंच केलं. सरकार ऐकतंय म्हटल्यावर एरवी ‘हे मारिया’ गिळून टाकणारी पेत्रा एकेक शब्द असा चघळू लागली जणू बिशप समोर बसलाय. नेहमी शांत असणारी म्हातारी क्रिसांता मध्येच सुरात गायला लागली. शेवटी संतांची लांबलचक नामावळ घेतली, त्यात दोन संत असे होते ज्यांची नावं कुणीच पूर्वी ऐकली नव्हती.

"एकेचाळीस मिनिटं," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी गुणाकार केला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "एकशे शेहेचाळीस तास!"

"लिहा, लिहा!" पेत्रानं टाळ्या वाजवल्या. "पाचाला एकशे शेहेचाळीस! तोंडात बोट घालतील."

"थांबा," दोमितिला म्हणाली.

"आता काय?"

"ही जपमाळ माझी नाही. ही सणाची. मी चौकीच्या बाकड्यावर बसून अशी नाही म्हणत."

"अगं कोमाद्रे, कोण बघायला आलंय?"

दोमितिलानं वर भिंतीकडे बोट केलं. वर तो नेहमीसारखा हात पसरून होता.

"तो तर बघतोच. पण तोही सोड. त्यांनी वेळ खोटा सांगितला म्हणून तू वर्षभर स्वतःला मठ्ठ समजलीस. आता आपणही खोटा सांगायचा?"

पेत्रानं टाळ्यांचे हात खाली घेतले आणि म्हणाली, "प्रामाणिकपणा तुला नेहमी माझ्याच मजेच्या वेळी सुचतो."

मग दोमितिला एकटी खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर, एक डोळा दाराकडे, साहेब बोलावतील या बेतानं, आणि नेहमीसारखी म्हणाली. सतरा मिनिटं. वकीलबाईंनी पुन्हा गुणाकार केला. साठ तास अडतीस मिनिटं.

"पुरे आहेत," दोमितिला म्हणाली. "पाचाच्या बारापट. याहून लोभ बरा नाही."

बुधवारी मत लिहायला बसले. वकीलबाईंनी आधी स्वतःचा एक नमुना वाचून दाखवला, त्यात ‘प्रस्तुत भार-अंदाज वास्तवाशी विसंगत’ वगैरे होतं. दोमितिलानं विचारलं, "हे कोण बोलतंय?" तेव्हा वकीलबाई हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, तुम्ही बोला, मी लिहिते, मग इंग्रजी करते."

दोमितिला बोलली ते असं:

"सरकारला नमस्कार. मी तामाले विकते. तुम्ही म्हणता या अर्जाला पाच तास लागतात. ज्यानं हे लिहिलं त्यानं अर्ज भरलेला नसावा, नाहीतर तो फार हुशार असावा. मला दोनशे चौदा जपमाळा लागल्या. माझी जपमाळ सतरा मिनिटांची. मोजून घेतली, अकरा बायका साक्षीला आहेत. साठ तास अडतीस मिनिटं झाली. काय घडलं ते सविस्तर लिहा असं तुम्ही सांगता. त्याला त्रेपन्न जपमाळा लागल्या. त्यातल्या वीस नुसत्या कागदाकडे बघण्यात गेल्या. रडण्याचा वेळ यात नाही, कारण रडताना जप चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो. तुम्ही सगळे जुने पत्ते मागता. आम्ही अकरा घरं बदलली, माझ्या मुलानं आठवून आठवून लिहिले. ज्याचं घर दर वर्षी बदलतं त्याला पत्त्यांचा प्रश्न जड जातो. चौकोन रिकामा दिसला म्हणून अर्ज परत पाठवू नका. एखाद्याच्या आयुष्यात ती गोष्ट नसतेच. पोलिसांची सही सहा महिन्यांऐवजी वर्षभर ताजी राहिली तर पुष्कळ बायकांचं भलं होईल. आणि तो पाचाचा आकडा बदला. तो वाचून माणसं स्वतःला मूर्ख समजतात. देव तुमचं भलं करो."

वकीलबाईंनी इंग्रजी केलं. पडद्यावर खाली नावाची जागा उरली.

"हे सक्तीचं नाही," त्या हळू म्हणाल्या. "रिकामं सोडलं तरी चालतं."

"चालतं?" दोमितिला पडद्याकडे वाकली. "माझ्या मधल्या नावाला नाही चाललं, आता माझ्या पूर्ण नावाला चालतं?"

वकीलबाईंनी हसू दाबलं. "तुमचा मुलगा काय म्हणतो?"

"तो म्हणतो घालू नको. बरोबर म्हणतो."

ती हात मांडीवर घेऊन बसली. डावा हात थंडीत अजून दुखतो, तो उजव्यात धरून. वकीलबाईंना वाटलं जप चालू आहे. पण ओठ हलत नव्हते. बाहेर टपालाची गाडी आली, उभी राहिली, गेली.

"कोर्टात मला विचारलं होतं," दोमितिला शेवटी म्हणाली, "की नाव सांगा, मोठ्यानं. तो गजवाला समोर बसला होता, मान भाजलेला. मी सांगितलं. त्याला नाव सांगितलं आणि या बाबूंना नाही, हे काही खरं नाही. घाला. दोन्ही आडनावं घाला. बापाचंही आणि आईचंही."

"दोमितिला क्वाउत्ले तेपाले."

"आणि धंदा लिहा. तामाले. म्हणजे कळेल की मला वेळ मोजता येतो."

तेयो घरी आला तेव्हा ती मक्याची पानं भिजत घालत होती. टेबलावर मताची छापील प्रत होती, मुद्दामच. त्यानं उभ्यानंच वाचली. खालचं नाव वाचलं. पुन्हा वरून वाचायला लागला. दोमितिलानं मान वर केली नाही. पाण्यात पानं दाबत राहिली, दाबायची गरज नसलेलीसुद्धा.

"आई."

"हं."

"घरं अकरा नाहीत. बारा."

"अकरा. मी मोजलीत."

"आणि ते गॅरेज? गाडीच्या शेजारी गादी टाकून चार महिने राहिलो ते? अर्जात मी बारा लिहिलेत. तू इथं अकरा लिहिलेस."

दोमितिलानं ओले हात कपाळाला लावले. "हे देवा. ते गॅरेज मी घरात धरलंच नाही."

तेयो कागद हातात धरून उभा होता. चिडलेला होता, ते दिसत होतं. कान लाल होते. पण कागद त्यानं चुरगळला नाही.

"शुक्रवारपर्यंत मुदत आहे ना?" तो म्हणाला.

"आहे."

"दुरुस्ती पाठवायला पाहिजे. तुझं नाव आहे खाली, आकडा चुकीचा कसा राहील?" त्यानं खुर्ची ओढली आणि खिशातून पेन काढलं. "उद्या दुपारच्या सुट्टीत मी केंद्रात येतो. आता बस इथं. पहिल्यापासून एकेक घर सांग, मी लिहितो."

दोमितिलानं हात पुसले आणि त्याच्या समोर बसली.

"पहिलं," ती म्हणाली, "तुझ्या काकाच्या घरचा सोफा."