फॉर्ममधून गळलेली मावशी

माझी मावशी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिलाईला होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाबरोबर ती एकोणीस वर्षं राहत होती, लग्न न करता. मी त्यांना काका म्हणायचे. लग्न का नाही केलं, असं कोणी विचारलं की मावशी म्हणे, "आधी वेळ नव्हता, मग गरज वाटली नाही."

मग तिच्या हृदयाची झडप खराब झाली. एक जिना चढली की ओठ निळे पडायचे. काकांच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात 'सोबत राहणारी जोडीदार' म्हणून तिचं नाव होतं, ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. नेमकं त्याच महिन्यात सरकारने विम्याचा धंदा खाजगी कंपन्यांना मोकळा केला. स्पर्धेने लोकांचं भलं होईल, असं मंत्री टीव्हीवर सांगत होते. काकांच्या मालकाने सगळ्यात स्वस्त कंपनी धरली. तिच्या फॉर्मवर दोनच रकाने होते: विवाहित जोडीदार आणि मुलं.

"हात्तिच्या, एवढंच ना?" काका म्हणाले. "उद्याच लग्न करून टाकू."

विमा कंपनीच्या काउंटरवरची बाई मात्र म्हणाली, "लग्न जरूर करा. पण मग या नवीन सभासद होणार. आधीच्या आजाराला पहिली दोन वर्षं काही मिळत नाही."

"डॉक्टर सहा महिन्यांचीही खात्री देत नाहीत हो!"

बाई कागद सारखे करत राहिली.

त्या दिवसापासून मावशीने विमा कंपनीच्या पत्राची धास्ती घेतली. पोस्टमनची चाहूल लागली की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. सुईत दोरा ओवायला तिला तीन-तीनदा लागायचं, ते कोणाला दिसू नये म्हणून तिने कारखान्यातली जागा बदलून भिंतीकडे तोंड केलं. मला एकदा हळूच म्हणाली, "मरणाचं एक राहू दे. पण मी बेशुद्ध पडले तर सही तुझ्या आईची घेतील. यांना दारातूनच परत पाठवतील गं."

लग्नाशिवाय सोबत राहणाऱ्यांच्या हक्कांचं विधेयक तेव्हा दोन वर्षं लटकलेलं होतं. आम्ही आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधीकडे गेलो. "मी मनाने तुमच्याच बाजूचा आहे," तो म्हणाला, "पण निवडणूक तोंडावर आली आहे." आणि आम्हाला चहा विचारला.

शेवटी त्या विधेयकावर समितीची जाहीर सुनावणी लागली. काकांबरोबरचे लिफ्टवालेही आले होते. विमा कंपन्यांचा माणूस म्हणाला, "कोण कधीपासून एकत्र राहतं, हे आम्ही कसं ठरवायचं?"

मावशी टेबलाला धरून उभी राहिली. "एकोणीस वर्षं मी यांचं घोरणं ऐकतेय," ती म्हणाली. लोक हसले. "मागच्या महिन्यापर्यंत मी विम्याच्या कागदावर होते. आजार तोच, माणूस तोच. मग मी नवीन कशी?"

पुढचं वाक्य तिला जमलंच नाही. ती खाली बसली, ओठ काळेनिळे. काकांनी तिचं डोकं छातीशी धरलं. मला वाटलं, संपलं. कोणीतरी खिडक्या उघडल्या. बऱ्याच वेळाने तिचा श्वास जागेवर आला.

समितीने 'नोंद घेतली', बाकी काही नाही. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्यांनी मालकाला ठणकावून सांगितलं, "वहिनींचं नाव लागेपर्यंत नव्या फॉर्मवर आमची एकही सही मिळणार नाही." सगळ्यांच्या सह्यांशिवाय नवा विमा सुरूच होणार नव्हता; मालकाची पाचावर धारण बसली. तीन आठवड्यांच्या ओढाताणीनंतर जुन्या यादीतले सगळे 'चालू सभासद' धरायचं विमा कंपनीने कबूल केलं.

ऑपरेशन झालं, आणि मावशी त्यातून निभावली. त्या दिवशी तिला आत नेताना नर्सने विचारलं, "नातेवाईक कोण?" आईने काकांचा हात धरून त्यांना पुढे केलं. सही मात्र आईलाच करावी लागली.

मावशी आता पुन्हा शिलाईवर बसते. विधेयक निवडणुकीत वाहून गेलं. विम्याचं दरवर्षी नूतनीकरण असतं, आणि ते पत्र यायच्या आठवड्यात, झडप ठणठणीत असूनही, तिला पहिल्याच जिन्यावर धाप लागते.